बेलूचा आवाज

१

पंतनगरच्या आमच्या घरात टीव्ही बाहेरच्या खोलीत होता आणि आई आतल्या खोलीत. घाटकोपरच्या हाउसिंग बोर्डाच्या दोन खोल्यांत याहून वेगळी मांडणी शक्य नव्हती. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी सिनेमा लागला की आम्ही भावंडं आणि ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता असे शेजारी बाहेर दाटीवाटीने बसायचो. आई आत पोळ्या लाटत असायची. राजेश खन्नाचे, देव आनंदचे कितीतरी सिनेमे तिने असे पाठमोरे ऐकले. मधेच आतून प्रश्न यायचा, "मेला का गं तो?" तेवढं सांगितलं की तिची गोष्ट पुढे चालू.

१९८५च्या गणपतीत मंडळाने व्हिडिओ भाड्याने आणला. एका रात्रीत तीन सिनेमे. इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत टेबलावर टीव्ही मांडला होता आणि आमची तळमजल्यावरची खिडकी नेमकी त्याच बाजूला होती. आई मंडळाच्या मुलांसाठी मोठ्या पातेल्यात चहा करत होती. दुसरा सिनेमा श्रीदेवी-जितेंद्रचा. तो सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील. आई पदराला हात पुसत खिडकीशी आली आणि मला म्हणाली, "ही कोण बोलतेय?"

"श्रीदेवी."

"छे. हा आवाज मी ऐकलाय. राजेश खन्नाची ती लंगडी बहीण नव्हती का? तीच ही. आणि ही काही विशीतली पोर नाही. माझ्या वयाची बाई आहे."

मी हसले. सोळा वर्षांची होते, पडद्यावर श्रीदेवी दिसत होती आणि तिचेच ओठ हलत होते. शेजारच्या मुलीला मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितलीसुद्धा.

आईचं बरोबर होतं हे मला कळायला वीसेक वर्षं लागली. राजेश खन्नाच्या त्या बहिणीचं काम नाझ या नटीने केलं होतं. ऐंशीच्या दशकात श्रीदेवीचे जे हिंदी चित्रपट आले, त्यांतल्या बहुतेकांमध्ये श्रीदेवीच्या तोंडून बोलत होती ती नाझ. नाझचा जन्म १९४४चा. माझ्या आईचाही.

२

नाझचं खरं नाव सलमा बेग. चित्रपटात ती आली ‘बेबी नाझ’ म्हणून. १९५४च्या ‘बूट पॉलिश’ने तिला देशभर नाव मिळवून दिलं. राज कपूरच्या आर. के. फिल्म्सचा हा चित्रपट प्रकाश अरोरांनी दिग्दर्शित केला होता. भोला आणि बेलू ही अनाथ भावंडं, त्यांना भीक मागायला लावणारी काकू, आणि ‘हाताने काम करून खा’ असं शिकवणारा जॉन चाचा, एवढीच गोष्ट. भोला झाला रतनकुमार, जॉन चाचा झाले डेव्हिड आणि बेलू झाली नाझ. १९५५च्या कान महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला आणि तिथे बालकलाकार म्हणून नाझचा खास उल्लेख झाला. तेव्हा ती दहा वर्षांची होती. ‘पथेर पांचाली’ कानला पोहोचला तो त्याच्या पुढच्या वर्षी. आंतरराष्ट्रीय गौरवाची गोष्ट निघाली की आपण बहुधा सत्यजित राय यांच्यापासून सुरुवात करतो, म्हणून हा क्रम मुद्दाम सांगितला.

आर. के. स्टुडिओ चेंबूरचा, १९४८ साली उभा राहिलेला. आमच्या घाटकोपरपासून बसने जाता येईल इतका जवळ. लहानपणी त्या फाटकासमोरून जाताना आत कोण असेल याचीच उत्सुकता असायची. ज्या मुलीचा आवाज पुढे आमच्या खिडकीतून आत येणार होता, तिचं नाव तिथल्याच चित्रपटाने मोठं केलं होतं, हे तेव्हा कोण सांगणार! २०१७च्या सप्टेंबरमध्ये त्या स्टुडिओला आग लागली आणि नंतर ती जागा विकली गेली.

‘बूट पॉलिश’नंतर बिमल रॉय यांच्या ‘देवदास’मध्ये (१९५५) नाझ लहानपणची पारो झाली. गुरुदत्तच्या ‘कागज़ के फूल’मध्ये (१९५९) ती नायकाची मुलगी पम्मी होती, आईबापांच्या भांडणात सापडलेली, बापाला शोधत येणारी. बालकलाकारांच्या वाट्याला जे येतं ते पुढे तिच्याही वाट्याला आलं. मुलगी मोठी झाली, पण नायिका झाली नाही. सहनायिका, मैत्रीण, बहीण अशा भूमिका मिळत गेल्या.

त्यांतल्या दोन भूमिका आपल्या विषयासाठी महत्त्वाच्या आहेत. दोन्ही १९७०च्या सुमाराच्या चित्रपटांतल्या. मनमोहन देसाईंच्या ‘सच्चा झूठा’मध्ये राजेश खन्नाच्या नायकाचं नाव भोला आणि त्याच्या पायाने अधू बहिणीचं नाव बेलू. नाझला सोळा वर्षांनी तेच नाव पुन्हा मिळालं, भावाच्या नावासकट. आईच्या कानात राहिली होती ती ही बेलू.

दुसरी भूमिका ‘कटी पतंग’मधली. दिग्दर्शक शक्ती सामंत. अंधेरी पूर्वेला द्रुतगती महामार्गाजवळ ज्या नटराज स्टुडिओत निर्मात्यांची मोठमोठी नावं एकत्र नांदत होती, त्यांतले हे एक. आज तिथे काचेच्या इमारती आहेत. या चित्रपटात नाझ झाली पूनम. तान्हं मूल घेऊन सासरी निघालेली विधवा पूनम रेल्वे अपघातात सापडते आणि मरताना मैत्रिणीला, म्हणजे आशा पारेखच्या माधवीला, शपथ घालते की तू माझं नाव घे, माझं मूल घे आणि माझ्या घरी जा. पुढचा सगळा चित्रपट माधवी पूनमच्या नावाने जगते. पडद्यावर नाझने आपलं नाव दुसरीला दिलं. दहा-बारा वर्षांनी प्रत्यक्षात तिने दुसरीला आवाज दिला, आणि या वेळी नाव मात्र त्या दुसरीचंच राहिलं.

३

हे घडलं कसं, हे समजायला हिंदी सिनेमाच्या ध्वनीचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

बोलपट आला १९३१ साली, ‘आलम आरा’पासून. सुरुवातीला नटालाच बोलावं आणि गावं लागे. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यात दुर्गाबाई खोटे आणि गोविंदराव टेंबे स्वतः गायले. १९३५च्या ‘धूप छाँव’पासून पार्श्वगायन आलं आणि गळा चेहऱ्यापासून सुटा झाला. बोलण्याचा आवाज मात्र बराच काळ नटापाशीच राहिला.

साठच्या दशकापासून चित्रण स्टुडिओबाहेर जाऊ लागलं. हातात घेऊन फिरवता येतील असे हलके कॅमेरे आले, पण ते चालताना घरघर करत. मग चित्रणाच्या वेळचा आवाज फक्त खुणेपुरता, ‘पायलट’ म्हणून घ्यायचा आणि खरे संवाद नंतर बंद खोलीत बोलून घ्यायचे, अशी पद्धत पडली. हेच डबिंग. त्या काळी चित्रफितीचा छोटा तुकडा दोन्ही टोकं जोडून गोल करत आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा पडद्यावर फिरत राही. त्याला म्हणायचे लूप. बोलणारा माइकसमोर उभा. कानात पायलटचा खरखरीत आवाज, डोळे पडद्यावरच्या ओठांवर. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात. तिथे चुकलं की प्रेक्षकाला लगेच खटकतं. बाकी स्वर थोडे पुढेमागे चालतात. ओठ जुळले की श्वास जुळवायचा. धावून आलेल्या बाईचा दम आणि रडून थांबलेल्या बाईचा हुंदका माइकसमोर उभं राहून, जागचं न हलता आणायचा. नटीने चेहऱ्यावर जो भाव सेटवर काही महिन्यांपूर्वी आणला, तोच आता फक्त घशातून पुन्हा उभा करायचा.

एकदा संवाद नंतरच बोलायचे ठरले की ते त्याच नटाने बोलले पाहिजेत असं राहत नाही. १९८३च्या ‘हिम्मतवाला’ने श्रीदेवी हिंदीत आघाडीला आली. दिग्दर्शक के. राघवेंद्र राव, मूळ चित्रपट तेलुगू. त्यामागोमाग ‘मवाली’, ‘जस्टिस चौधरी’, ‘तोहफा’, ‘मकसद’ असे चित्रपट धडाधड आले. श्रीदेवी तमिळनाडूतली, शिवकाशीजवळची. तमिळ-तेलुगूत लहानपणापासून काम केलेली, पण हिंदी तिला अजून सरावाची नव्हती. निर्मात्यांना उत्तरेकडच्या प्रेक्षकाला न खटकणारी हिंदी हवी होती. नाझ लहानपणापासून हिंदी संवाद बोलत होती. कॅमेऱ्यासमोर भाव कसा धरायचा हेही तिला ठाऊक होतं. श्रीदेवी विशीची, नाझ चाळिशीला टेकलेली. दोघींत एकोणीस वर्षांचं अंतर.

हे अंतर डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं. स्वयंपाकघरातून ते ऐकू आलं.

४

पण मग नाव का नाही? गाणारीचं नाव घराघरात आणि बोलणारीचं नाही, हे कसं?

गाणाऱ्यांनाही नाव सहज मिळालं नव्हतं. १९४९च्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. गायल्या होत्या लता मंगेशकर. ऐकणाऱ्यांनी रेडिओला विचारणा केली, तेव्हा खरं नाव बाहेर आलं. फिल्मफेअरने पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू केलं तेही १९५९ साली, आणि पहिलं मिळालं ते लताबाईंनाच, ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी. म्हणजे बोलपट आल्यावर अठ्ठावीस वर्षांनी.

यामागे माणसांचा चांगुलपणा-वाईटपणा होताच, पण मला त्याहून मोठं कारण दिसतं ते तबकडीचं. गाणं चित्रपटापासून सुटं करून विकता येत होतं. ते रेडिओवर वाजे, हॉटेलात वाजे, लग्नाच्या मांडवात वाजे. जिथे चेहरा नाही आणि फक्त आवाज आहे, तिथे ऐकणारा विचारतोच की कोण गातंय. विकणाऱ्यालाही नाव छापण्यात फायदा दिसू लागला. संवादांना असा वेगळा बाजार नव्हता. ‘शोले’च्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि धडाक्याने खपल्या, पण तिथे आवाज आणि चेहरा एकाच माणसाचे होते. नायिकेचं बोलणं चित्रपटाबाहेर कधी एकटं ऐकूच आलं नाही. त्यामुळे ‘ही कोण बोलतेय’ असं विचारायची वेळ कुणावर आली नाही. ती आली माझ्या आईवर, कारण तिच्या आणि पडद्याच्या मध्ये भिंत होती.

‘बूट पॉलिश’मध्ये छोट्या बेलूसाठी गायल्या होत्या आशा भोसले. त्यांचं नाव त्या गाण्यांसोबत आजही घेतलं जातं. त्याच बेलूने मोठेपणी दुसऱ्या नटीसाठी चित्रपटच्या चित्रपट बोलून काढले, तेव्हा त्यासाठी पाटी लावायची रीतच नव्हती. श्रेयनामावलीत केशभूषेला जागा होती, वेशभूषेला होती. नायिकेच्या आवाजासाठी रकाना आखलेलाच नव्हता.

ही गोष्ट मला एवढी का लागते, तेही सांगते. मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते. त्यांतली बरीच वर्षं १९७ क्रमांकावर, म्हणजे नाव सांगितलं की नंबर सांगणारी ऑपरेटर. दिवसभर हजारो लोकांची नावं आम्ही उच्चारायचो, स्वतःचं सांगायची पद्धत नव्हती. मुलुंडचे एक वृद्ध गृहस्थ कधीमधी फोन करायचे आणि माझा आवाज ऐकला की म्हणायचे, "तुम्हीच का मागच्या वेळच्या?" मी हो म्हणायचे आणि नंबर द्यायचे. एवढ्यावरच आमची ओळख. २०२०च्या जानेवारीअखेर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा त्यांची आठवण झाली. त्यांच्या लेखी मी कोण होते? एक आवाज, पण ‘मागच्या वेळचा’. तेवढीसुद्धा ओळख मोलाची असते हे त्या खुर्चीत बसलेल्यालाच कळतं.

५

माझं शिक्षण पदवीपर्यंतच. चित्रपट-अभ्यास नावाची विद्याशाखा असते हे मला चाळिशीत समजलं. माझी पद्धत घरगुती आहे. चित्रपटाची श्रेयनामावली थांबवत थांबवत वहीत उतरवायची; मग पडद्यावर टॉवेल टाकून चित्रपट नुसता ऐकायचा. हा टॉवेल मी आईकडून घेतला, असं म्हणायला हरकत नाही.

या पद्धतीने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं. उपनगरातल्या एका वाचनालयाच्या चित्रपट मंडळात मी नाझवर बोलत होते. श्रीदेवीच्या चित्रपटांचे तुकडे लावले, पडदा झाकला आणि प्रत्येक तुकड्यानंतर ठासून सांगत गेले, ही नाझ, हीही नाझ. त्यांत १९८६चा ‘आखिरी रास्ता’ होता. मागच्या रांगेतले एक आजोबा शांतपणे उठले आणि म्हणाले, "बाई, ती रेखा आहे." सभेत हशा पिकला. घरी येऊन पुन्हा ऐकलं, छापील उल्लेख शोधले. आजोबा बरोबर होते. त्या एका चित्रपटात श्रीदेवीसाठी रेखाने डबिंग केलं होतं. मला सगळीकडे नाझ हवी होती म्हणून रेखाच्या आवाजातही मला नाझच ऐकू आली. हीही एक प्रकारे नाव पुसण्याचीच चूक, फक्त उलट बाजूने केलेली.

त्या चुकीमुळे रेखाचं एक वेगळंच काम माझ्या हाती लागलं. रेखा स्वतः मद्रासची, कारकिर्दीच्या सुरुवातीला तिचीही हिंदी कच्ची. तिने मेहनतीने भाषा इतकी कमावली की दुसऱ्या नट्यांसाठी ती बोलू लागली. ‘याराना’मध्ये (१९८१) नीतू सिंगसाठी ती बोलली. आणि मराठी वाचकाच्या काळजाजवळचं उदाहरण म्हणजे ‘वारिस’. स्मिता पाटील १३ डिसेंबर १९८६ रोजी गेली. ‘वारिस’ पडद्यावर आला १९८८ साली. त्यात स्मिता दिसते आणि बोलते ती रेखा. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचताना जो आवाज आपल्याकडच्या लोकांनी आधी ऐकला, तो आवाज त्या चित्रपटात नाही. मी तो टॉवेल टाकून ऐकायचा प्रयत्न केला. दहा मिनिटांपलीकडे ऐकवलं नाही.

म्हणजे आवाज उसना घेण्याची कारणं वेगवेगळी. कुठे भाषा येत नाही, कुठे आवाज ‘नायिकेसारखा’ वाटत नाही, कुठे माणूसच उरलेलं नसतं. दुसऱ्या कारणाचं ठळक उदाहरण ‘गुलाम’ (१९९८). राणी मुखर्जीचा घोगरा आवाज बाजूला ठेवून तिथे मोना घोष शेट्टीचा आवाज वापरला. त्याच वर्षीच्या ‘कुछ कुछ होता है’मध्ये करण जोहरने राणीचा स्वतःचा आवाज ठेवला आणि तोच घोगरेपणा पुढे तिची ओळख झाला. २००७च्या ‘ओम शांति ओम’मध्ये दीपिका पडुकोणसाठीही मोनाच बोलली. पदार्पणाचं फिल्मफेअर दीपिकाला मिळालं. ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण परीक्षकांपुढे जी भूमिका होती ती दोघींनी मिळून केलेली होती, एवढं तरी नोंदवायला हवं.

६

दक्षिणेत हा प्रश्न उघडपणे मांडला गेला आहे. केरळच्या राज्य पुरस्कारांत डबिंग कलाकारासाठी स्वतंत्र पारितोषिक आहे. तिथल्या भाग्यलक्ष्मी या डबिंग कलाकार म्हणूनच घराघरात माहीत आहेत आणि त्यांनी आत्मचरित्रही लिहिलं आहे. तरी तिथेही सगळं आलबेल नव्हतं. १९९३च्या ‘मणिचित्रताळ’ या चित्रपटासाठी (हिंदीत पुढे त्याचा ‘भूलभुलैया’ झाला) शोभनाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिच्यासाठी भाग्यलक्ष्मी बोलल्या हे सर्वांना ठाऊक होतं. दोन दशकं उलटल्यावर दिग्दर्शक फाझिल यांनी लिहिलं की नागवल्लीचा संचार होतो तेव्हाचे तमिळ संवाद दुर्गा नावाच्या दुसऱ्या कलाकाराचे आहेत. एका भूमिकेत तीन बायका होत्या, आणि तिसरीचं नाव समोर यायला वीस वर्षांहून जास्त काळ जावा लागला.

आपल्याकडे अलीकडे चित्र बदललं आहे असं वाटतं. २०२१च्या डिसेंबरात ‘पुष्पा’ हिंदीत आला आणि अल्लू अर्जुनला आवाज देणाऱ्या आपल्या श्रेयस तळपदेचं भरभरून कौतुक झालं. त्याआधी ‘बाहुबली’त प्रभाससाठी शरद केळकर बोलला, तेव्हाही नाव झालं. १९९३ साली दूरदर्शनवर हिंदीत आलेल्या ‘जंगल बुक’मधला शेरखान नाना पाटेकर आहे, हे तर शाळकरी पोरंही सांगत. पण नीट पाहिलं तर हे सगळे उघडपणे भाषांतरित होऊन आलेले कार्यक्रम किंवा चित्रपट आहेत. आवाज दुसऱ्याचा आहे हे तिथे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं, मग नाव सांगण्यात अडचण नसते, उलट जाहिरातच होते. ‘हिम्मतवाला’ किंवा ‘ओम शांति ओम’ हे हिंदी चित्रपट म्हणूनच आले. तिथे दुसरा आवाज सांगितला की नायिकेच्या प्रतिमेला तडा जाईल ही भीती. झाकायचं असतं तिथेच नाव गाळलं जातं.

नावाचा प्रश्न केवळ मानाचा नाही. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलाकाराला आपल्या सादरीकरणासोबत आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीत चित्रपटापुरता एक अपवादही आला. ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि व्यवसायाच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत वगैरे कुठेच दिलं जात नाही, त्याला ‘कलाकार’ धरायचं नाही. आपलं काम विकृत करण्याला हरकत घेण्याचा हक्क तेवढा त्याच्याकडे राहील. अख्ख्या चित्रपटभर नायिकेच्या तोंडून बोलणं किरकोळ आहे असं कुणी म्हणणार नाही, म्हणून ही तरतूद नाझसारख्यांना लागू पडू नये. पण ‘रिवाजानुसार नाव दिलं जात नाही’ हे शब्द वाचून मला चर्रर्र झालं. ज्या रिवाजाने अन्याय केला, त्याच रिवाजाला कायद्याने एका कलमात जागा दिली आहे.

आता तर यंत्राने कुणाचाही आवाज हुबेहूब तयार करता येतो. २०२४च्या जुलैमध्ये गायक अरिजित सिंगच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या आवाजाच्या अशा नकलांना मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. चांगलंच झालं. पण इथेही दाद लागली ती गाणाऱ्याच्या ओळखीच्या आवाजाची. अंधेरी-गोरेगावच्या डबिंगच्या खोल्यांतून रोज आठ-दहा तास बोलणाऱ्या मुलामुलींचे आवाज यंत्राने उचलले, तर ‘हा आवाज माझा आहे’ हे त्यांनी कशाच्या आधारावर सांगायचं? पाटीवर नाव असेल, तर तोच पहिला पुरावा.

७

श्रीदेवी हिंदीत पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलली ती १९८९च्या ‘चाँदनी’त. पातळ, किंचित चिरकणारा आवाज. मी तो ऐकला तेव्हा मला तो आवडला नाही, हे कबूल करते. कान नाझला सरावले होते. आज तोच आवाज मला तिचा सगळ्यात खरा अलंकार वाटतो. तिचं नृत्य, तिचे डोळे, अनेक भाषांतलं तिचं काम यांतलं काहीही नाझचं नाव घेतल्याने उणं होत नाही.

नाझ १९ ऑक्टोबर १९९५ रोजी गेली, ऐन दिवाळीच्या तोंडावर. त्या दिवाळीत खग्रास सूर्यग्रहण होतं आणि सगळीकडे त्याचीच चर्चा. वय अवघं एक्कावन्न.

त्यानंतर सतरा वर्षांनी, २०१२ साली, गौरी शिंदेचा ‘इंग्लिश विंग्लिश’ आला. त्यात श्रीदेवी झाली शशी गोडबोले, पुण्याची गृहिणी. लाडू उत्तम करते, पण इंग्रजी येत नाही म्हणून नवऱ्याच्या आणि मुलीच्या लेखी कमी. जिच्या हिंदीवर कधीकाळी विश्वास नव्हता म्हणून दुसरीचा आवाज लावला गेला, त्याच नटीने भाषा न येणाऱ्या मराठी बाईचा अपमान स्वतःच्या आवाजात पडद्यावर आणला. तो आवाज मधेच अडखळतो, शब्द शोधतो, आणि शेवटच्या लग्नातल्या भाषणात तसाच उभा राहतो. १९८३ साली हे अडखळणं दोष धरलं गेलं असतं.

आई आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, कान मात्र शाबूत. या लेखाची तयारी करताना मी तिला ‘बूट पॉलिश’मधली बेलू ऐकवली, मग ‘सच्चा झूठा’तली, मग ‘तोहफा’तला एक प्रसंग. कोण कुठली ते सांगितलं नाही. ती सुपारी कातरत ऐकत होती. तिसऱ्या वेळी म्हणाली, "मोठी झाली की गं पोरगी." मग तिने विचारलं, की हिला पैसे तरी नीट दिले असतील ना? त्याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं.

या वहीत आता प्रत्येक चित्रपटापुढे ‘आवाज’ असा रकाना मी आखला आहे. हिंदीचे काही रकाने भरले आहेत. मराठी चित्रपटांचे बरेचसे रिकामे आहेत, आणि ते एकटीने भरण्याचं काम नाही. ज्यांनी डबिंगच्या खोल्यांत लूप लावले, माइकसमोर उभं राहून कुणासाठी तरी बोललात, किंवा ज्यांच्या घरात असं कुणी होतं, त्यांनी आठवेल तेवढं लिहून कळवावं. चित्रपटाचं नाव, कुणासाठी, साधारण साल. माझा पत्ता संपादकांकडे आहे. एखादी आठवण चुकीची निघाली तरी चालेल. मागच्या रांगेतून कुणीतरी उठून ती दुरुस्त करेल.